इंटरनेट केवढे आहे?

'इंटरनेट' हा शब्द आता खेड्यापाड्यांत पोचला आहे. नातू म्हणतो, "आजी, नेट गेलं." दुकानदार म्हणतो, "दादा, जरा थांबा, नेट हळू चालतंय." सातबारा काढायला गेले, तरी तोच शब्द कानावर पडतो. पण हे नेट म्हणजे काय? ते आहे कुठे? आणि आहे तरी केवढे? या धड्यात आपण तेच पाहू. आकडे बरेच येतील. घाबरू नका. एकेक आकडा सावकाश वाचा.

१. गाव कसे मोजतात?

एखादे गाव केवढे आहे, हे आपण कसे सांगतो? कोणी म्हणतो, "पाचशे उंबऱ्यांचं गाव आहे." त्याने घरे मोजली. कोणी म्हणतो, "तीन हजार वस्ती आहे." त्याने माणसे मोजली. कोणी गावाचे रस्ते मोजतो. कोणी म्हणतो, "यंदा गावात इतकी पोती सोयाबीन झालं." त्याने माल मोजला. गाव एकच, मापे चार. चारही उत्तरे खरी.

इंटरनेटही आपण असेच मोजू. त्याचे रस्ते मोजू, उंबरे मोजू, माणसे मोजू आणि कोठारातला माल मोजू. पण आधी ते आहे काय, हे समजून घेतले पाहिजे.

२. दोन वस्त्या आणि पूल

आपले जालना शहर पाहा. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुने जालना आहे. दुसऱ्या काठाला नवीन जालना आहे. दोन वस्त्या वेगळ्या. मधे नदी. पण नदीवर पूल आहेत. पुलांवरून माणसे जातात-येतात, माल जातो-येतो. म्हणून परगावचा माणूस दोन्ही वस्त्यांना मिळून एकच नाव देतो : जालना.

इंटरनेट असेच आहे. एका कचेरीतले चार संगणक तारेने जोडले, की एक लहान जाळे तयार होते. ती झाली एक वस्ती. दुसऱ्या कचेरीत दुसरे जाळे असते. ती दुसरी वस्ती. ही दोन जाळी पुलाने जोडली, की मोठे जाळे होते. अशी हजारो जाळी एकमेकांना जोडली, त्याचेच नाव इंटरनेट. म्हणजे जाळ्यांचे जाळे. मराठीत कोणी त्याला 'आंतरजाल' म्हणतात, कोणी 'महाजाल' म्हणतात. आपण लोकांच्या तोंडचाच शब्द घेऊ.

जालना हे नाव 'जुलाहा' म्हणजे विणकर या शब्दावरून पडले, असे सांगतात. विणकर एकेक धागा जोडीत जातो आणि त्याचे वस्त्र होते. इंटरनेटही असेच धाग्याधाग्याने विणले गेले.

आता निरोप कसा जातो, ते पाहा. समजा, तुम्हांला मोठे पत्र पाठवायचे आहे. पण तुमच्याजवळ फक्त पोस्टकार्डे आहेत. मग तुम्ही दहा कार्डांवर ते पत्र लिहाल. प्रत्येक कार्डावर पत्ता घालाल. शिवाय १, २, ३ असे क्रमांक टाकाल. काही कार्डे एका पुलाने गेली, काही दुसऱ्या पुलाने गेली, तरी बिघडत नाही. मिळाल्यावर वाचणारा ती क्रमाने लावतो. पाचवे कार्ड हरवले, तर तेवढेच पुन्हा मागवतो.

इंटरनेटवर प्रत्येक निरोपाचे असे लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो, क्रमांक असतो. एका पुलावर पाणी आले, तर तुकडा दुसऱ्या पुलाने जातो. एक वाट बंद पडली म्हणून सगळे जाळे बंद पडत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

३. सुरुवात दोन अक्षरांची

हे जाळे एका दिवसात झाले नाही. त्याची सुरुवात अमेरिकेत झाली. तारीख होती २९ ऑक्टोबर १९६९.

लॉस एंजलिस शहरातल्या विद्यापीठात एक संगणक होता. दुसरा संगणक पाचशे किलोमीटरांहून दूर, स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत होता. दोघांमध्ये तार होती. पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा होता. पहिल्या संगणकावरून 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. इंग्रजीत या शब्दात पाच अक्षरे येतात. पहिले अक्षर गेले, 'एल'. दुसरे गेले, 'ओ'. आणि पलीकडचा संगणक बंद पडला! त्या माणसांनी तो पुन्हा चालू केला. सुमारे तासाभराने सगळा शब्द पोचला.

म्हणजे या प्रचंड जाळ्यावरचा पहिला निरोप दोनच अक्षरांचा. अक्षरे शिकताना पहिल्या दिवशी कोणाचाही हात अडखळतो. इथेही तसेच झाले.

१९६९ साल संपले, तेव्हा या जाळ्यात ४ संगणक होते. ऑगस्ट १९८१ मध्ये ते २१३ झाले. बारा वर्षांत एवढीच वाढ. मग पुढे एकदम एवढी वाढ कशी झाली?

कारण सोपे आहे. आपल्याकडे पूर्वी मापांचा किती घोटाळा होता! या गावचा मण वेगळा, त्या गावचा मण वेगळा. १९५८ पासून देशात किलो आणि मीटर येऊ लागले. माप एक झाले आणि दूरदूरचा व्यापार सोपा झाला. संगणकांचेही तसेच होते. प्रत्येक जाळ्याची बोलण्याची रीत वेगळी होती. विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघांनी सर्वांसाठी एक रीत बसवली. ती १९७४ साली प्रसिद्ध झाली. १ जानेवारी १९८३ पासून त्या जाळ्यातले संगणक त्या एकाच रीतीने बोलू लागले.

आता कोणालाही जोडून घेता येऊ लागले. अट एकच. सगळ्यांनी पाळायची रीत आपणही पाळायची.

पुढे टिम बर्नर्स-ली या इंग्रज माणसाने १९८९ साली 'वेब'ची कल्पना मांडली. तो तेव्हा जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत काम करीत होता. वेब म्हणजे इंटरनेटवर लिहिलेली पाने. एका पानावरच्या शब्दाला बोट लावले, की दुसरे पान उघडते. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न संस्थेने जाहीर केले, की ही रीत कोणीही वापरावी, पैसे द्यायला नकोत. यानंतर इंटरनेट झपाट्याने वाढले.

आपल्या देशात १९८६ साली 'अर्नेट' नावाचे जाळे सुरू झाले. ते मोठ्या शिक्षणसंस्थांसाठी होते. सामान्य माणसांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा मोठ्या शहरांत सुरू केले. टेलिफोनच्या तारेवरून ते चाले. सुरुवातीचा वेग फारच कमी होता. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्या वेगाने यायला सुमारे ४० मिनिटे लागली असती.

४. मालक कोण?

इथे वर्गात कोणी तरी विचारीलच.

"बाई, एवढं मोठं हे नेट. मग याचा मालक कोण?"

"मावशी, आषाढीच्या वारीचा मालक कोण?"

"वारीला कुठं मालक असतो का बाई? ठिकठिकाणच्या पालख्या निघतात. वाटेत एकमेकींना मिळतात. ज्याची त्याची दिंडी, ज्याचा त्याचा वीणेकरी."

"तसंच हे. तारांना मालक आहेत. टॉवरला मालक आहेत. मोठमोठ्या कंपन्या आहेत. पण सगळ्या जाळ्याचा एकच मालक नाही."

"मग हिशोब कोण ठेवतं?"

"नावं आणि पत्ते यांची नोंद ठेवायला 'आयकॅन' नावाची संस्था आहे. ती १९९८ साली निघाली. दोघांना एकच पत्ता मिळू नये, हे ती पाहते. पण कोणी काय लिहावं, कोणी काय वाचावं, हे काही ती ठरवीत नाही."

मावशींचा प्रश्न मोलाचा आहे. एक मालक नाही, म्हणून हे जाळे इतके वाढले. आणि एक मालक नाही, म्हणूनच त्यात भले आणि बुरे दोन्ही शिरले. बाजारात सावकारही येतो आणि खिसेकापूही येतो. तसेच हे.

५. पहिले माप : रस्ते

आता मोजायला लागू. पुष्कळांना वाटते, की इंटरनेट आभाळातून येते. मोबाइलला तार नसते, म्हणून तसे वाटते. पण मोबाइलपासून टॉवरपर्यंत निरोप हवेतून जातो. टॉवरपासून पुढे तो कुठे लगेच, कुठे थोडे पुढे जाऊन, जमिनीतल्या तारेत शिरतो.

ही तार तांब्याची नसते. ती काचेची असते. काचेचा एकेक तंतू केसाएवढा बारीक असतो. त्यातून उजेड धावतो. उजेडाच्या उघडझापीने निरोप जातो. काचेतला उजेड एका सेकंदात सुमारे २ लाख किलोमीटर जातो. जालन्याहून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर आहे. म्हणजे एका सेकंदाचे पाचशे भाग केले, तर त्यातल्या एका भागात उजेड तिथे पोचतो. वाटेतली यंत्रे थोडा वेळ घेतात. तरी आपली पापणी लवते न लवते, तोच निरोप मुंबईत!

मुंबईला पुढे समुद्र आहे. समुद्राच्या तळाशीही अशाच तारा टाकल्या आहेत. खोल समुद्रातली तार आपल्या पाण्याच्या रबरी नळीएवढी जाड असते. जगात अशा तारा सुमारे १४ लाख किलोमीटर लांबीच्या आहेत. पृथ्वीला ३५ वेढे बसतील, एवढी ही लांबी! एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणारे बहुतेक सगळे निरोप याच तारांतून जातात.

मुंबईला हे नवे नाही. १८७० साली मुंबईहून एडनमार्गे सुएझपर्यंत समुद्रातून तारायंत्राची तार टाकली होती. तेव्हा त्या तारेवरून मोजके शब्द जात आणि शब्दागणिक पैसे पडत. आपल्या देशातली ती 'तार' जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण समुद्रातली वाट चालूच राहिली. फक्त तांब्याच्या जागी काच आली.

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्त देशातल्या अलेक्झांड्रिया शहराजवळ समुद्रातल्या दोन तारा तुटल्या. भारतातले इंटरनेट फार मंद झाले. पण ते पूर्ण बंद पडले नाही. पश्चिमेचा पूल मोडला, म्हणून निरोप पूर्वेच्या वाटेने अमेरिकेकडे वळवले. पुलांची गोष्ट ध्यानात ठेवा म्हटले होते, ती यासाठी.

६. दुसरे माप : उंबरे

पोस्टमनला घर सापडायला पत्ता लागतो. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्रालाही पत्ता लागतो. हा पत्ता आकड्यांचा असतो.

पत्त्यांची रीत ठरली, तेव्हा जाळ्यात थोडेच संगणक होते. म्हणून त्या लोकांनी विचार केला, की ४,२९,४९,६७,२९६ पत्ते पुष्कळ झाले. हा आकडा असा वाचा : ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. त्या वेळी हे कोठार कधी सरणार नाही, असेच वाटले असेल. पण संगणक वाढले. मग मोबाइल आले. मोबाइलनंतर टीव्ही, रस्त्यावरचे कॅमेरे, दुकानातली पैसे मोजणारी यंत्रे आली. प्रत्येकाला पत्ता हवा! ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या कोठारातल्या पत्त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे वाटून झाले. कोठार रिकामे झाले.

मग आता? दोन उपाय झाले. पहिला असा, की एका वाड्याचा एकच पत्ता आणि आत दहा बिऱ्हाडे. एका पत्त्यामागे अनेक यंत्रे बसवली. दुसरा उपाय म्हणजे नवे, लांब पत्ते काढले. ते ६ जून २०१२ पासून जगभर चालू झाले. हे नवे पत्ते किती आहेत? ३४ हा आकडा लिहा आणि पुढे ३७ शून्ये द्या. पाटी पुरायची नाही!

पूर्वी पत्त्यांची नावे इंग्रजी अक्षरांतच लिहावी लागत. २७ ऑगस्ट २०१४ पासून आपल्या देशात '.भारत' असे देवनागरीत संपणारे नाव घेता येते. आपल्या अक्षरांत पाटी लावायची सोय झाली.

७. तिसरे माप : माणसे

२००५ साली जगात सुमारे १०० कोटी माणसे इंटरनेट वापरत होती. म्हणजे शंभरांत १६. २०२४ साली ती सुमारे ५५० कोटी झाली. म्हणजे शंभरांत ६८. उरलेली सुमारे २६० कोटी माणसे तेव्हा बाहेरच होती.

आता आपला देश पाहू. मार्च २०१४ मध्ये देशात इंटरनेटची २५ कोटी १६ लाख कनेक्शने होती. मार्च २०२४ मध्ये ती ९५ कोटी ४४ लाख झाली. त्यांतली ३९ कोटी ८४ लाख खेड्यांतली. दहा वर्षांत जवळजवळ चौपट! असे का झाले? मोबाइल स्वस्त झाले. गावोगाव टॉवर आले. २०१६ नंतर कंपन्यांत चढाओढ लागली आणि दर पडले. २०१४ साली १ जीबी नेटला सरासरी २६९ रुपये पडत. दहा वर्षांनी तोच दर १० रुपयांच्या आसपास आला.

पण थांबा. आकडा वाचताना शब्दही नीट वाचावा. वर 'कनेक्शने' असे लिहिले आहे, 'माणसे' असे लिहिलेले नाही. एका माणसाकडे दोन कनेक्शने असतात. आणि एका घरात एकच मोबाइल असतो, तो पाचांत फिरतो. तो कोणाच्या खिशात असतो? बहुतेक वेळा घरधन्याच्या नाही तर मुलाच्या.

सरकारने २०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंबांची पाहणी केली. त्यात १५ ते ४९ वयाच्या लोकांना विचारले, "तुम्ही कधी तरी इंटरनेट वापरले आहे का?" खेड्यांतल्या शंभर पुरुषांपैकी सुमारे ४९ 'होय' म्हणाले. खेड्यांतल्या शंभर बायकांपैकी सुमारे २५ 'होय' म्हणाल्या. म्हणजे बायका निम्म्याच. गावात टॉवर आला, म्हणून गावातली प्रत्येक बाई जाळ्यात आली, असे होत नाही. विहीर खणली, तरी पोहरा ज्याच्या हाती, पाणी त्याचेच.

८. चौथे माप : कोठारातला माल

इंटरनेटवर किती माल साठला आहे, हे कोणी नेमके सांगू शकत नाही. दर क्षणाला नवा माल येतो. पण मालाचे वजन कसे करतात, ते आपण शिकू.

संगणकात माल 'बाइट'मध्ये मोजतात. इंग्रजीचे एक अक्षर साठवायला बहुधा १ बाइट लागते. मराठीचे एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. 'मी' या शब्दात 'म' आणि दुसरी वेलांटी अशी दोन चिन्हे आहेत. म्हणजे ६ बाइट झाल्या. १०० कोटी बाइट म्हणजे साधारण १ जीबी. हा जो धडा तुम्ही वाचीत आहात, असे सुमारे २० हजार धडे १ जीबीत मावतील.

मार्च २०२४ मध्ये देशातला मोबाइल नेट वापरणारा माणूस महिन्याला सरासरी २० जीबी वापरत होता. म्हणजे तो महिन्याला ४ लाख धडे वाचत होता का? छे! तो चित्रे बघत होता. अक्षर हलके असते. हलते चित्र फार जड असते. नेट लवकर संपते, ते बहुधा चित्रांनी संपते.

या कोठारात मराठीचा माल किती? एकच उदाहरण घेऊ. 'विकिपीडिया' नावाचा एक ज्ञानकोश इंटरनेटवर आहे. तो फुकट वाचता येतो. सामान्य माणसेच त्यात लिहितात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. त्यात आज सुमारे १ लाख लेख आहेत. इंग्रजीत ७० लाखांहून जास्त आहेत. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा सांगितली होती. एवढे लोक आणि एवढेच लेख! मोसंबीच्या बागेची राखण, विहिरीचे पुनर्भरण, जात्यावरची जुनी गाणी, हे आपल्या माणसांना ठाऊक आहे. पण ते लिहिले नाही, तर कोठारात येत नाही. इंटरनेट आपोआप वाढत नाही. लिहिणाऱ्यांनी ते वाढते.

९. जाळे गावापर्यंत

आपल्या राज्यात खेड्यापर्यंत संगणक नेण्याचा एक मोठा प्रयत्न १९९८ साली झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत वारणेच्या खोऱ्यातल्या ७० गावांत संगणक केंद्रे काढली. तिथल्या सहकारी साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ती होती. जगातली सारी माहिती गावात येईल, असे ठरले होते. पण शेतकऱ्यांनी केंद्राचा मुख्य उपयोग केला तो उसाच्या हिशोबासाठी. ऊस किती भरला? तोड कधी? पैसे किती? २००६ च्या सुमारास त्यांतल्या काही गावांत संगणकाच्या जागी मोबाइलवरचे संदेश वापरून पाहिले. काम तेच झाले, खर्च कमी आला. यातून एक गोष्ट दिसते. जगाची बातमी माणूस सवडीने वाचतो. आपला हिशोब तो आधी वाचतो.

२०११ साली केंद्र सरकारने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याचे ठरवले. या कामाला पुढे 'भारतनेट' असे नाव मिळाले. आतापर्यंत २ लाखांहून जास्त ग्रामपंचायतींपर्यंत ही सोय नेली आहे. काम अजून चालू आहे.

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्यासाठी १५ रुपये भरावे लागतात. त्यावर तलाठ्याची शाईची सही आणि शिक्का लागत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची.

म्हणजे पाहा. अंबडचा असो, भोकरदनचा असो, मंठ्याचा असो, शेतकऱ्याचे शेत आता जमिनीवर आहे आणि जाळ्यातही आहे. जाळ्यातली नोंद चुकली, तर त्रास जमिनीवरच्या माणसाला होतो. कपाशी उभी आहे आणि नोंदीत सोयाबीन आहे, तर खेटे कोण घालणार? म्हणून आपली नोंद आपल्या डोळ्यांनी वाचावी. दुसऱ्याने भरून दिली, तरी वाचावी.

१०. वाचणाऱ्याचा हात

जाळे वाढले, तसे चोरही वाढले. २०२४ साली देशात अशा ठगांनी लोकांचे २२ हजार ८०० कोटी रुपयांहून जास्त लुबाडले. ठग घराचे कुलूप फोडत नाही. तो तुमच्याकडूनच किल्ली मागून घेतो. ही किल्ली म्हणजे ओटीपी आणि पिन.

समजा, एका काकूंना फोन आला. "काकू, बँकेतून बोलतोय. तुमच्या खात्यात अनुदान आलंय. मोबाइलवर सहा आकडे आले असतील, तेवढे सांगा."

वाचता न येणारी बाई मोबाइल पोराच्या हातात देते. पोरगा आकडे सांगतो. पैसे जातात. वाचता येणारी बाई आधी तो संदेश वाचते. त्यात बहुधा असे लिहिलेले असते : हा आकडा कोणालाही सांगू नका. वाचले, की ती सावध होते आणि फोन ठेवून देते.

तेव्हा चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

पहिली : ओटीपी आणि पिन कोणालाही सांगायचा नाही. बँकेचा माणूस तो कधी विचारीत नाही.

दुसरी : पैसे देतानाच पिन लागतो. पैसे घेताना पिन लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका," असे कोणी म्हणाला, तर तो ठग समजावा.

तिसरी : सेवा केंद्रात कामाचे दर लावलेले असतात. ते वाचावे. पावती घ्यावी. पावतीवरचे नाव, गट क्रमांक आणि रक्कम वाचूनच उठावे.

चौथी : फसगत झालीच, तर लाजून घरी बसू नये. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

कोणी म्हणतात, "आता मोबाइल बोलतो, चित्रं दाखवतो. मग अक्षरं शिकायची कशाला?" चित्र बघायला अक्षर लागत नाही, हे खरे. पण सातबाऱ्यावरचे नाव, बँकेतली शिल्लक आणि ठगाची चिठ्ठी, हे सगळे अक्षरांत असते. जाळे जितके वाढले, तितकी अक्षराची किंमत वाढली आहे. कोट्यवधी माणसांच्या या जाळ्यात कोणी हात धरून नेणारा नेहमी भेटेलच असे नाही. तुम्ही अक्षरे शिकला आहात. तेव्हा आपला मोबाइल आपल्या हातात घ्या आणि आलेला संदेश आधी आपण वाचा.

शब्दांचे अर्थ

संगणक : हिशोब करणारे आणि माहिती साठवणारे यंत्र. मोबाइल हाही एक लहान संगणकच आहे.
कनेक्शन : जाळ्याशी जोडणी.
जीबी : नेट किती वापरले, ते सांगणारे माप.
ओटीपी : एकदाच चालणारा गुप्त आकडा.
पिन : आपल्या खात्याची किल्ली असलेला आकडा.

प्रश्न

१. इंटरनेटवरचा पहिला निरोप किती अक्षरांचा होता? तो कोणत्या साली गेला?
२. एक तार तुटली, तर सगळे इंटरनेट का बंद पडत नाही? पुलांचे उदाहरण घेऊन सांगा.
३. 'कनेक्शने' आणि 'माणसे' यांत फरक काय?
४. खेड्यातल्या बायका इंटरनेट कमी का वापरतात? तुमच्या गावात काय आहे? वर्गात बोला.
५. पैसे घेताना पिन लागतो का?

करून पाहा

१. ४,२९,४९,६७,२९६ हा आकडा मोठ्याने वाचा. मग न बघता पाटीवर लिहा.
२. मोबाइलवर आलेला एखादा संदेश वर्गात आणा. तो कोणी पाठवला, काय मागितले आहे, ते वाचून सांगा.
३. आपला सातबारा पाहा. नाव, गट क्रमांक आणि पीक बरोबर आहे का, ते स्वतः वाचून ठरवा.
४. आपल्याला चांगली माहीत असलेली एखादी गोष्ट दहा ओळींत लिहा. शेतीची, स्वयंपाकाची, औताची, कोणतीही चालेल. मग ती शेजाऱ्याला वाचून दाखवा.